तुझ्या चेहऱ्याखाली माझा नंबर

नौपाडा, ठाणे
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय मर्सी,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, आणि मस्कतची हवा आता जरा सोसवेल अशी झाली असेल. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा, पामेलाचा गुडघा दुखतो, पण तो दुखतो हे सांगत ती घरभर फिरते, म्हणजे फार काळजीचं नसावं.

कागदावरचं पत्र पाहून हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस आणि माझे मेसेज तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत. तू मला ब्लॉक केलंयस, असं ज्यूड म्हणाला. पोस्टात चौकशी केली तर काउंटरवरच्या बाईंनी आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "जातं की अजून."

मृतांच्या दिवशी आम्ही आईच्या कबरीवर गेलो होतो. पामेलाने झेंडूची फुलं नेली होती. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, मी आडोसा धरून पुन्हा पुन्हा लावत होतो. तिथेच फादर भेटले. फेब्रुवारीत आईला जाऊन वर्ष होतंय, तिच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थनेची मिस्सा कोणत्या दिवशी ठेवायची, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बहिणीला विचारून सांगतो. म्हणून हे पत्र. तू येशील का, एवढंच विचारायचं आहे. त्या क्लिपवरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते टाकलंस, पण मिस्सा माझी नाही, आईची आहे.

आता इकडची खबरबात.

स्टुडिओ अजून उघडतो. तुला आठवत असेल, पूर्वी दुकानाच्या काचेतला फोटो बदलला की अख्खा नौपाडा थांबून बघायचा. कोणाची मुलगी काचेत आली, कोणाची नाही, यावरून माणसं माझ्याशी भांडलेली आहेत. तीच माझी जाहिरात होती. मला कधी कोणाच्या दारात जावं लागलं नाही. आता काचेसमोर लोक थांबतात ते स्वतःचे केस ठीक करायला. लग्नं कोणाचा तरी मावसभाऊ काढतो, बारशी फोनवर निघतात. माझ्याकडे उरले पासपोर्ट फोटो, आणि भिंतीवर लावायला मोठे करून दिलेले गेलेल्या माणसांचे फोटो.

ज्यूडने वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला आणि बापाला सुधारायला घेतलं. "डॅडी, आजकाल फोटो कोणी विकत नाही घेत. लोक फील विकत घेतात. आपल्याला तो दाखवायचाय." मी म्हटलं, दाखव बाबा. मग त्याने मला टोपी घालून लेन्स पुसताना दाखवलं, मागे कसलं तरी ढॅणढॅण संगीत. चर्चमधली पोरं मला बघून लेन्स पुसायची नक्कल करायला लागली. गिऱ्हाईक एक नाही आलं. पासपोर्ट फोटो झाला की माणसाला "पाच स्टार द्या" म्हणायचं, असंही त्याने शिकवलं. आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, आणि या वयात चष्मेवाल्या शाळकरी मुलीकडे तारे मागत होतो.

हे सगळं आई गेली त्याच्या आधीचं. तेव्हा आम्ही खरंच बुडत होतो, मर्सी. हे सबब म्हणून सांगत नाही. बरं, सबब म्हणूनच सांगतोय.

दफनाच्या त्या दिवशीचं तुला मी काय सांगणार? तुला रजा मिळाली नाही. पामेलाने फोन आईच्या कानाशी धरला, फोनमध्ये व्हिडिओ कॉलवर तू होतीस, आणि मी समोरून कॅमेऱ्यावर सगळं थेट दाखवत होतो, तुझ्यासाठी आणि वसईच्या मंडळींसाठी. तेवढाच हेतू होता. यावर तरी विश्वास ठेव. तू म्हणालीस, "आये, मना माफ कर गो. मी येते म्हणालेले, नाही आले." मग जरा थांबलीस. मग म्हणालीस, "आये, एक सांगायचं राहिलं..." आणि शवपेटीवर झाकण आलं.

ज्यूडने तेवढाच तुकडा काढून स्टुडिओच्या पेजवर टाकला. खाली लिहिलं, "दूर असूनही जवळ. अंत्यविधीच्या थेट प्रक्षेपणासाठी संपर्क करा." आणि माझा फोन नंबर. तुझ्या रडणाऱ्या चेहऱ्याखाली माझा नंबर.

पुढे काय झालं ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तुमच्या कॅन्टीनमध्ये एका मुलीने फोन पुढे करून, "सिस्टर, ही तुम्हीच ना?" असं विचारलं, हे पामेलाकडून कळलं. मग वॉर्डातल्या पेशंटनीही ओळखायला सुरुवात केली. लाखो लोकांनी ती क्लिप पाहिली. तुला आईला काय सांगायचं राहिलं असेल, यावर लोकांनी खाली अंदाज लिहिले. कोणी लिहिलं, लपूनछपून लग्न केलं असेल. कोणी लिहिलं, आईचे दागिने नेले असतील. मी एक एक वाचत बसायचो आणि प्रत्येकावर राग यायचा. अधूनमधून फोन वाजायचा. तो मी उचलायचो, कारण ते काम असायचं.

कामं खूप आली. कल्याणहून, डोंबिवलीहून, अगदी घोडबंदरच्या टॉवरमधूनही. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशी म्हातारी माणसं काय कमी आहेत आपल्याकडे? हिंदू, ख्रिस्ती, सगळे. मी वर्षानुवर्षं लग्नात धावलो तेव्हा जो मान नाही मिळाला तो आता मयताच्या घरी मिळायला लागला. दारातच कोणीतरी म्हणायचं, "त्या क्लिपवाले काका आले." मला ते आवडायचं. लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं.

मागच्या महिन्यात डोंबिवलीला एका घरी गेलो. वडील गेले होते. मुलगा नयन इथे, मुलगी हेमाली अमेरिकेत. हॉलमध्ये सतरंजीवर वडील, उशाशी दिवा, माणसं भिंतीला टेकून उभी. नयन मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, त्या क्लिपमध्ये कसा फोन कानाजवळ होता, तसंच घ्या." मग फोनकडे वळून म्हणाला, "ताई, आता बोल. कॅमेरा चालू आहे."

ती बिचारी गोंधळली. "काय बोलू रे?"

"बाबांशी बोल ना. रडू आलं तर रड, अडवू नकोस."

ती बोलली. रडलीही. पण मध्येच नेटवर्क गेलं आणि तिचा चेहरा तोंड उघडं असताना तसाच थिजला. लागलं परत, तेव्हा नयन मला म्हणतो, "काका, तुटलं मधेच. परत घेऊ या का? ताई, पहिल्यापासून बोल."

आणि मर्सी, तिने पहिल्यापासून म्हटलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. "बाबा, तुम्ही मला सोडायला एअरपोर्टवर आलेलात..." पहिल्या वेळी जिथे रडू आलं तिथे या वेळी आलं नाही, म्हणून ती थांबून रडू यायची वाट बघत राहिली. तो मुलगा वाईट नव्हता गं. त्याला आपल्या बहिणीसाठी चांगलं काही करायचं होतं, आणि चांगलं म्हणजे कसं ते त्याने माझ्या पेजवर पाहिलं होतं. मी कॅमेरा खाली ठेवायला हवा होता. नाही ठेवला. मीही परत घेतलं.

उचलायला आलेली माणसं दारात खोळंबली होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती, मी कधी सांगतो म्हणून. ते बघणं मी ओळखलं.

आपल्यातली रीत तुला सांगायला नको. झाकण लावण्याआधी सगळं कुटुंब पेटीभोवती उभं राहतं आणि शेवटचा फोटो होतो. आखातात, जहाजावर असलेल्यांना पाठवायचा म्हणून ही पद्धत पडली. मी कितीतरी घरांत तो काढला. फोटोग्राफर "झालं" म्हणतो, मगच झाकण लागतं. फादरसुद्धा तोवर थांबतात. इतकी वर्षं मी "झालं" म्हणत आलो आणि माझ्या त्या शब्दाने एखाद्याची आई कायमची झाकली जाते हे मला कधी जाणवलं नाही. दुसऱ्या कोपऱ्यातून एक फोटो घ्यायचा की नाही, एवढाच विचार असायचा.

डोंबिवलीहून आलो आणि ती क्लिप पेजवरून काढायला ज्यूडला सांगितलं. मोठं भांडण झालं. तो म्हणाला, "तुम्हाला नव्हती ना लाज वाटत, फोन वाजत होता तेव्हा?" खरंच बोलला. क्लिप काढली, पण दुसऱ्याच आठवड्यात तो कल्याणला मित्राकडे राहायला गेला. तिथे दोघांनी स्वतःचं काम सुरू केलंय, आणि ती क्लिप आता त्यांच्या पेजवर आहे. वेगळं संगीत, वेगळा नंबर. मी फोन केला, हात जोडले. तो म्हणतो, "डॅडी, मी काढली तरी अजून पन्नास ठिकाणी आहे." तेही खरंच आहे. मी ती परत आणू शकत नाही. मिस्सेच्या आधी सगळं पुसून टाकतो असं तुला लिहायचा मोह झाला होता, पण ते माझ्या हातात नाही.

इतका वेळ मी ज्यूडने केलं, ज्यूडने टाकलं असं लिहीत आलो. त्याला अख्खा व्हिडिओ कुठून कापायचा तेच कळत नव्हतं. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "डॅडी, यातलं काय घेऊ?" मी त्याला ती जागा दाखवली. तू बोलायला लागतेस तिथून, झाकण येतं तिथपर्यंत. तो म्हणाला, आत्याला विचारू या. मी म्हटलं, ती नाही म्हणेल.

आणि दुसरं. ब्लॉक करण्याआधी तू मला एकच मेसेज पाठवलास, "फादरना घाई होती का?" मी लगेच उत्तर दिलं, हो, दुसरं दफन होतं, थांबता येत नव्हतं. पामेलालाही मी तेच सांगितलं, आणि ती अजून फादरवर रुसून आहे.

फादरना घाई नव्हती. दुसरं दफन नव्हतं. फादर हात बांधून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. खांदेकरीही थांबले होते. पामेलाच्या हातात फोन, फोनमध्ये तू, खिडकीतून आईच्या गालावर उजेड आलेला. मला हवी होती ती फ्रेम मिळाली होती. आणि मी "झालं" म्हणालो. तू बोलत होतीस. मला ऐकू येत होतं. कान तुझ्याकडे होते आणि तोंडाने सवयीने आपलं काम केलं. ती माझीही आई होती, मर्सी, आणि मी तिला नीट बघितलंच नाही. मी फक्त उजेड बघत होतो.

क्लिपमध्ये तो शब्द ऐकू येतो. लोकांना वाटतं फादर बोलले. तुला कोणाचा आवाज आहे ते पहिल्या दिवसापासून माहीत असणार. तू मला उगाच विचारलं नव्हतंस. मी खरं बोलतो का, ते तुला बघायचं होतं.

मी थेट प्रक्षेपणाची कामं बंद केली. त्याचं काही कौतुक नको, ती आता ज्यूडकडे जातात. नवीन वर्षात स्टुडिओचं शटर उघडेन की नाही, माहीत नाही. ते राहू दे.

फेब्रुवारीत ये. मिस्सेनंतर सगळ्यांना जेवायला हॉलवर पाठवतो आणि तुला कबरीपाशी सोडून मी गेटबाहेर थांबतो. कॅमेरा नाही, फोन नाही. तुला काय सांगायचं होतं ते मला कधीच कळायला नको. तुला हवा तितका वेळ घे. कोणाला घाई नसेल. तेव्हाही कोणाला नव्हती.

नाही आलीस तरी मी समजून घेईन, असं शेवटी लिहिणार होतो. ते आणखी एक खोटं झालं असतं. नाही समजून घेणार. ये.

तुझ्यापुढे तोंड दाखवायची हिंमत नसलेला, तरी तुझी वाट बघणारा,
तुझा भाऊ
ऑस्वल्ड