पैलतीरावरचं बारावं घर

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवी नोकरी, म्हणून नवी वही! छापखान्यात एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या. तो बंद पडला तेव्हा वाटलं, आता या वयात आपल्याला कोण विचारतंय. आणि विचारलं कुणी, तर कम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीनं. धाकटी बहीण हसून हसून लोळली. म्हणाली, म्हातारे, तुला मोबाइलवर साधा पत्त्यांचा डाव लावता येत नाही, तू तिथं काय दिवे लावणार? मी म्हटलं, मला खेळायचं नाहीच मुळी, वाचायचंय.

काम असं आहे. ‘राखेचं राज्य’ नावाचा यांचा चार वर्षं जुना गेम. तलवारी, जादू, राक्षस, सगळं यथासांग. त्याला आता ‘पैलतीर’ हा नवा भाग जोडलाय, त्याला एक्स्पान्शन म्हणतात. नावेतून नदी ओलांडायची आणि पलीकडच्या गावात नव्या कामगिऱ्या करायच्या. खेळणारे लोक त्यावर मत लिहितात, एक ते पाच स्टार देतात. ती मतं मी वाचायची, त्यांचे गठ्ठे करायचे आणि दर शुक्रवारी मॅडमना दोन पानांत सार द्यायचं. मॅडम म्हणजे आमच्या साहेब. बोलताना घड्याळाकडे बघतात, पण मनानं बऱ्या वाटल्या.

शेजारी चित्रकार बसतो. पैलतीरावरचं गाव त्यानंच काढलंय. त्याच्या खुर्चीचं एक चाक तिरकं आहे आणि तो रोज सकाळी तिला शिव्या घालून मगच बसतो म्हणे. आमचं जमेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

लोक काय सुंदर भांडतात! एकानं लिहिलंय, नावाडी इतका हळू वल्हवतो की तेवढ्यात माझं लग्न ठरलं. दुसरी म्हणते, राक्षस छान आहे पण त्याच्या दाढेला कीड का नाही, इतकी माणसं खाऊन? ‘फाटकी पिशवी’ नावाचा एकजण फक्त कोंबड्यांबद्दल लिहितो. कोंबड्या एकाच दिशेला वळतात, ही त्याची तक्रार. चित्रकाराला सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. खरंच वळतात.

सगळ्यात लाडका ‘चिडका बिब्बा’. रोज एक लांबलचक मत, एक स्टार, आणि तरी रोज खेळतो. चिखलाचा रंग खोटा, पुलाची कमान चुकलेली, म्हातारीच्या तोंडी तरण्या पोरीची भाषा. छापखान्यात असता तर माझ्यासमोरचं टेबल त्याला दिलं असतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहिलं सार दिलं. मॅडम म्हणाल्या, तक्रारी जरा कमी रंगवून लिहा. रेटिंग अडीचवर अडकलंय, वरचे लोक नाराज आहेत.

चित्रकारानं धाकटीसाठी गेमची एक प्रत दिली. पाय मोडल्यानं तिला सहा आठवडे प्लास्टर, पाय स्टुलावर, आणि घरात माझ्याशिवाय तोंडसुख घ्यायला कुणी नाही. आता दिवसभर ती खेळणार आणि संध्याकाळी मला शिकवणार. म्हणजे मला कळेल तरी, लोक कशावर चिडतात ते. गेम उघडल्या उघडल्या तिची चित्रकाराच्या झाडांना नावं ठेवून झाली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज बिब्ब्यानं नवीच कुरकुर केलीय. गावाच्या टोकाला बारावं घर आहे म्हणे. दारात एक बाई बसलेली असते. काही विकत नाही, लढत नाही, कामगिरीही देत नाही. नुसतं म्हणते, ‘दमला असशील. जरा बस. तुझं मी बघते.’ खाली दोन पर्याय, होय आणि नको. यानं तीनदा ‘नको’ म्हटलं. लिहितो, लेखकाला पुढचं सुचलं नसेल तर घर बांधलंच कशाला?

चित्रकाराला विचारलं. तो म्हणाला, मी अकरा घरं काढलीत. नकाशा उघडून बोटानं मोजून दाखवली. अकरा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बिब्ब्याचं मत आलं. पाच स्टार.

‘छान आहे. शांत आहे. सगळ्यांनी यावं.’

बस, एवढंच. मी दोनदा नाव तपासलं. एकोणीस वर्षं मी माणसं त्यांच्या वाक्यावरून ओळखत आलेय. हे वाक्य त्याचं नाही. चहा घेताना चित्रकाराला म्हटलं, तर तो म्हणाला, बरंय की, निवला एकदाचा.

मला मात्र कुणीतरी गेल्यासारखं वाटत राहिलं. उगीच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उगीच नाही. ‘छान आहे. शांत आहे. सगळ्यांनी यावं.’ काल नऊ वेळा, आज एक्केचाळीस. नावं वेगळी, वाक्य एक, पूर्णविरामसुद्धा त्याच जागी. फाटक्या पिशवीचंही तेच. कोंबड्यांचा उल्लेख नाही.

त्यातल्या प्रत्येकाची आधीची मतं काढून वाचली. प्रत्येकानं एक-दोन दिवस अगोदर दारातल्या बाईबद्दल लिहिलंय. कुणाला ती मावशीसारखी वाटली, कुणाला कंटाळवाणी. एका नर्सनं लिहिलं होतं, सलग दोन पाळ्या करून आले होते, आणि इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच कुणीतरी ‘बस’ म्हणालं.

दुसऱ्या दिवशी तिचे पाच स्टार.

साराच्या शेवटी मी हे सगळं लिहिलं. मॅडमनी तेवढा परिच्छेद खोडला. रेटिंग चार झालंय, त्यांना आनंद झालाय. म्हणाल्या, लोक खूश आहेत तर तुम्हाला का सलतंय?

सोमवार, १७ फेब्रुवारी

दोनशे बारा.

चित्रकाराला गळ घातली. दुपारी त्यानं ऑफिसच्याच मशीनवर नाव पलीकडे नेली. अकरा घरं. गावाच्या टोकाला नुसतं गवत. तो हसला, पण त्याला झोंबलं असावं. आपल्या गावात आपल्याला न विचारता कुणी घर बांधलं म्हणजे काय? घरी जाऊन एकट्यानं शोधतो म्हणाला. मी नको म्हटलं. बाई दिसली तर होय म्हणू नकोस, हेही सांगितलं.

धाकटीला तर गेम बंद करायला लावला. तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चित्रकार आज वेळेवर आला. तिरक्या चाकाच्या खुर्चीवर शांतपणे बसला. शिवी नाही.

मी विचारलं, सापडलं का? त्यानं माझ्याकडे पाहून स्मित केलं आणि म्हणाला, छान आहे. मी विचारलं, काय छान आहे? तो म्हणाला, शांत आहे.

दिवसभर त्यानं एक रेघ काढली नाही. स्क्रीनसमोर हात जुळवून बसला होता, आपली पाळी यायची वाट बघत बसावं तसा. त्याच्या आईचा फोन आला तेव्हा तो तिला ‘आपण’ म्हणाला.

मॅडमना सांगायला गेले. त्यांनी मलाच बातमी दिली. एवढं कौतुक होतंय म्हणून सोमवारपासून ‘पैलतीर’ सगळ्यांना फुकट. लाखो लोक येतील, म्हणाल्या. त्या मात्र त्यांच्यासारख्याच बोलत होत्या, घड्याळाकडे बघत. त्यांनी तो कधी खेळलेलाच नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मी दार उघडलं आणि धाकटी म्हणाली,

‘आलीस ताई? दमली असशील. जरा बस.’

ती मला ताई म्हणत नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. म्हातारे म्हणते, शहाणे म्हणते, रागावली तर नुसतं ‘ए’.

प्लास्टरच्या पायानं चहा करून ठेवला होता. कपाला कप लागू दिला नाही. मी तिला हलवलं, ओरडले, शेवटी थोबाडीतही मारली. तिचा गाल लाल झाला आणि ती हसत राहिली — प्रेमानं —

खोलीत मशीन चालू होतं.

बुधवार, नंतर

मला खेळता येत नाही. बाणाच्या बटणांनी चालायचं, एवढं तिनंच शिकवलं होतं.

बारा घरं आहेत. बाराव्या घराच्या अंगणात गर्दी. शेकडो माणसं, साध्या कपड्यांत. तलवारी नाहीत. एकीच्या अंगावर नर्सचा पोशाख. कोपऱ्यात एक जाडा माणूस वाकून चिखलाकडे बघतोय.

आणि एक पोरगी, पायाला प्लास्टर. मी जवळ गेले. तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली,

‘म्हातारे, डोळे फुटले का तुझे? किती वेळ हाका मारतेय!’

मी रडत होते आणि हसतही होते. मागे, खोलीच्या दारात ती दुसरी उभी राहून विचारत होती, ताई, जेवायला काय करू?

गुरुवार, २० फेब्रुवारी

कामावर गेले नाही. धाकटीशी बोलतेय. मी टाइप करते, तिची अक्षरं उमटतात.

मी घरी नसताना तिनं फक्त पाच मिनिटांसाठी उघडला होता. पाय ठणकत होता. बाई म्हणाली, जरा बस. हिनं होय म्हटलं. पुढचं क्षणात झालं. ही तिकडे, आणि हिच्या जागी त्या घरातलं कुणीतरी. तिथं मारत नाहीत, भूक लागत नाही. पण नदीपलीकडे पाय जात नाहीत आणि रोज काही ना काही विसरायला होतं. बिब्बा सगळ्यांना आपापल्या तक्रारी मोठ्यानं म्हणायला लावतो. तक्रार आठवते तोवर आपण आहोत, म्हणतो. काल तो पुलाची कमान विसरला. चिखल अजून आठवतोय.

चित्रकारही तिथं आहे. घरं मोजत बसतो.

तिला आईचा आवाज आठवत नाही. मी वर्णन करून सांगितला. तिनं विचारलं, आई कोण?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ऑफिसात जाऊन कंपनीच्या नावानं सूचना टाकली. ‘पैलतीरावर बारावं घर दिसलं तर आत बसू नका. “नको” म्हणा आणि गेम बंद करा.’ दहा मिनिटांत खाली हजार उत्तरं. घाबरू नका. छान आहे. घाबरू नका.

मॅडमनी सूचना काढून टाकली. मला काढून टाकलं. मी त्यांच्या टेबलाला धरून बसले. म्हटलं, एकदा, फक्त एकदा चित्रकाराशी बोला. बोलल्या. दोन मिनिटं. परत आल्या तेव्हा ओठ पांढरे होते. घड्याळाकडे बघितलं नाही. सोमवारचं थांबवते म्हणाल्या. सगळ्या मशीनवरून तो भागच उतरवते, पण त्याला उद्या दुपारपर्यंत वेळ लागेल —

आणि उतरवला तर आतल्यांचं काय?  

शनिवार, २२ फेब्रुवारी, सकाळी दहा

दारातल्या बाईला विचारलं. तिला विचारता येतं. माझी बहीण परत दे.

म्हणाली, घरात जागा मोजक्या आहेत. तू ये. तिच्या जागी बसलेलं उठेल आणि तुझ्या जागी बसेल. तिची जागा तिला परत मिळेल.

खोटं बोलत असेल. पण नर्सनं सांगितलं, असं एकदा झालंय. एक बाप आला होता, मुलगा परत गेला.

धाकटीला सांगितलं नाही. तिला आता माझं नातं नीट आठवत नाही. विचारते, तू कोण गं, सारखी का रडतेस?

साडेअकरा

मॅडमना फोन केला. धाकटी शुद्धीवर येऊन फोन करेल, मगच तो भाग उतरवा, आणि नंतर एक क्षण थांबू नका. त्या विचारत होत्या, म्हणजे काय, तुम्ही काय — मी ठेवून दिला.

हिला खुर्चीला बांधलंय, मध्ये येऊ नये म्हणून; पण गाठ हिसक्यानं सुटेल अशी, आणि फोन हिच्या मांडीवर. विरोध केला नाही. गाठ सैल आहे का गं ताई, विचारलं.

धाकटे, हे तू वाचशील. ही वही तुझ्याजवळ ठेवतेय. मी काही म्हणाले, कितीही गोड, तरी ऐकू नकोस. ती मी नाही. तू रागावशील. रागाव. जितकी येतील तितकी नावं ठेव मला, ती विसरू नकोस —

बाई विचारतेय.

उजव्या हातात पेन. डावा बटणावर. लिहीत राहते म्हणजे कळेल —

होय

काही नाही. नुसती खुर्ची — नाही — पाय गार पडताहेत. चिखल. रंग खरंच खोटा आहे रे बिब्ब्या —

मागून आवाज. तिचा. तिचाच! ए, शहाणे, मला कशाला बांधलंयस, सोड आधी, आणि हे काय करून बसलीस तू, म्हातारे, ऊठ, ऊठ तिथनं —

आली. ती आली. मला मान वळवून बघायचंय, मान वळत नाही. हात अजून माझा आहे, दोन बोटं — धाकटे, मॅडमना फोन कर, आत्ता, माझी वाट बघत बसू नकोस, तू आधी फो