तिसऱ्या खांबातली पोकळी

आई, ज्या पुलासाठी आपण नायगावच्या खाडीकाठी तीन वर्षं पत्र्याच्या खोलीत राहिलो, त्या पुलाचे खांब मजबूत करायचं काम गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आलं. बाबा तिथे सुपरवायझर होते, आता त्याच खांबांपाशी इंजिनियर म्हणून मी उभी राहते. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून काम काय ते सांगते. जुन्या खांबांत उभ्या सळया भरपूर, पण त्यांना आवळून धरणाऱ्या आडव्या कड्या विरळ. भूकंपात खांब डोलला किंवा जवळ स्फोट झाला, तर बुडाशी काँक्रीट फुटून बाहेर येतं आणि सळया वाकतात. त्यासाठी आम्ही कार्बन फायबरचं कापड चिकट रसायनात भिजवून खांबाला घट्ट गुंडाळतो, बाळंतिणीचं पोट बांधतात तसं. पण त्याआधी प्रत्येक खांब हातोडीने ठोकून बघावा लागतो. भरीव असला तर टणत्कार येतो, पोकळ असला तर बद्द आवाज.

तिसरा खांब बद्द वाजला. सकाळचे अकरा वाजले होते, ओहोटी लागलेली, बुडाशी चिखल उघडा पडलेला. ठोकणारा आमचा जुना कामगार. तो हातोडी वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सरकवत जातो आणि जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ ओढतो. रेघ फिरून पुन्हा पहिल्या टोकाला मिळाली आणि आम्ही दोघंही मागे सरलो. खडूची ती आकृती माझ्या कमरेएवढी उंच होती. वर अरुंद, मग दोन खांदे, खाली घेर.

"म्याडम," तो हळूच म्हणाला, "आत कोनतरी हाय."

"फोडल्याशिवाय कळायचं नाही."

"मी नाय फोडनार. पुलात पोर घालतात, माझी आजी सांगायची."

शेवटी छिन्नी मीच घेतली. वरचा थर पडला आणि कोंदट, ओल्या पेंढ्यासारखा वास आला. आत हाडं नव्हती. कुणीच नव्हतं. फक्त रिकामी जागा होती, आणि तिच्या भिंतीवर कापडाचा धागा न् धागा उमटला होता, गळ्याच्या चुण्यांसकट. तळाशी काळा भुसा, त्यात चार बटणं. तीन शिंपल्याची, एक काळं, बाबांच्या शर्टाचं. माझ्या फ्रॉकला ते तूच लावलं होतंस, चौथं शिंपल्याचं मिळेना म्हणून.

त्या फ्रॉकसाठी तू मला मारलंस, आठवतं? मी सात वर्षांची. सगळ्या मजूर बायकांसमोर तू ओरडतेस, "कुठे घालवलास? सांग!" आणि थोबाडीत देतेस. मी दोन दिवस खाडीच्या चिखलात फ्रॉक शोधत फिरते. त्यानंतर तू मला नावाने हाक मारत नाहीस. शेजारीण माझी चौकशी करते तेव्हा मी ताट घेऊन तिथेच उभी असते, आणि तू म्हणतेस, "आमची गेली वटारला, मामाकडे. ही दुसरी." पुढे खांबाच्या साच्याच्या फळ्या उतरवल्या, त्या दिवशी तू मला जवळ घेऊन खूप रडलीस. मला वाटलं, मारल्याचं वाईट वाटलं असेल. पण त्या "ही दुसरी"बद्दल मी तुला कधीच माफ केलं नव्हतं.

बाबांनी या खांबासाठी उभारलेला साचा तेव्हा दोनदा कलला होता. घमेली वाहणाऱ्या बायका तुझ्या चुलीपाशी बसून म्हणायच्या, "खाडीचं पानी जीव घेतल्याबिगर खांब उभा राहू देत नाय. तुमची पोर रोज काठावर दिसते, जपा." तू भाकऱ्या थापत राहायचीस. बाबांना सांगितलं असतंस तर ते हसले असते. म्हणून तू, आता मला कळतं, फ्रॉकमध्ये पेंढा भरलास, आणि त्या बायकांपैकी कुणीतरी तो साच्यात टाकला असणार. पाण्याला वाटावं, पोर मिळाली; मग मला नावाने हाक मारून तू ते उघडं कसं पाडणार?

तू वाचवायला गेलीस मला, आणि खांब नेमका तिथे कमजोर झाला जिथे भूकंपात सगळा जोर येतो. इतकी वर्षं वरून हजारो लोक गेले. तुझ्यावर चिडू की तुझे पाय धरू, मला कळत नव्हतं.

पोकळी साफ करून आम्ही पातळ सिमेंट पंपाने आत सोडलं. आतली हवा वरच्या भोकातून बाहेर येताना लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. कामगाराने हात जोडले. मी आकडा लिहून घेतला, किती लिटर बसलं तो. सात वर्षांची मी एवढी होते तर. आठवड्याने कापड गुंडाळलं. आता तो खांब इतर खांबांसारखाच खणखणीत वाजतो. अहवालात मी लिहिलं, 'साच्यात राहिलेला कचरा'.

हे सगळं या वहीतच राहणार आहे, म्हणून शेवटचंही सांगून टाकते. पोकळी भरायच्या आधी कामगाराने ती बटणं तळहातावर धरून विचारलं होतं, "कोनाच्या पोरीचं आसंल हे, म्याडम?" माझी पाठ खांबाला टेकलेली होती. भरती सुरू झाली होती, पाणी बुटांपर्यंत आलं होतं. इतकं शिकलेली मी, पण तो फ्रॉक माझा आहे आणि मी जिवंत आहे, हे तिथे, त्या पाण्यासमोर, मोठ्याने बोलायची मला हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "असेल कुणाचं तरी," आणि घाईघाईने काठावर आले.