खालची अक्षरं

प्रिय बारके,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. दर रविवारी आपण फोनवर बोलतो, पण "कशी आहेस, बरी आहे, भावोजी कसे, बरे आहेत" एवढ्यात दोन मिनिटं संपतात. जे सांगायचंय ते दोन मिनिटांत बसत नाही. शिवाय फोन कानाला लावला की मला मधेच ओट्यावरची भांडी दिसायला लागतात, म्हणून सरळ कागद घेऊन बसले आहे.

तुझ्या भावोजींना "जरा कमी ऐकू येतं" असं मी तुला सांगत आले. ते जरा नाही, बारके. तीस वर्षं सुतारकामाच्या दुकानात रंध्याच्या मशीनशेजारी उभं राहून कान गेले ते गेलेच. कानांच्या डॉक्टरबाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. पायरी चुकून कुणी जिन्यावरून खाली यावं, तशी ती रेघ खाली आली होती. कानात घालायला यंत्र दिलंय, पण त्यात माणसं कमी आणि चमचे-वाट्या जास्त ऐकू येतात, म्हणून ते ड्रॉवरमध्ये खिळ्यांच्या डबीशेजारी पडून असतं. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. एका गिऱ्हाइकाने पुस्तकांसाठी बिनदाराचं कपाट सांगितलं. ह्यांच्या कानावर 'बिन' पडलंच नाही आणि ह्यांनी पितळी मुठींसकट दोन झकास दारं बसवून दिली. गिऱ्हाईक भला माणूस, दारं सताड उघडी ठेवून कपाट वापरतो. पण त्या दिवसापासून ह्यांनी माणसांशी बोलणंच टाकलं. दुकानात पुढे मी बसायचं, कोण काय म्हणतं ते ऐकायचं, चिठ्ठीवर लिहून आत द्यायचं. ओळखीच्या कुणाकडे जायचं म्हटलं की ह्यांचा गुडघा दुखायला लागायचा.

घरी टीव्हीचा आवाज चढत चढत इतका वर गेला की वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. फार गोड बोलल्या बिचाऱ्या, म्हणाल्या, "तुमची मालिका आम्हालाही पाठ झालीय." मी ते ह्यांना सांगितलं नव्हतं, पण बाईंच्या तोंडाकडे बघून ह्यांना कळलं असावं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी आपली खुर्ची खिडकीकडे वळवली. पाठ टीव्हीकडे, हातात लाकडाचा तुकडा आणि पॉलिशपेपर. आणि आता जे लिहिते ते मी आईलाही सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. आवाज हळू करून, माझ्या आवडीचं लावून, मी दोन वर्षं एकटीच बघत बसले, आणि त्या पाठीकडे बघायचं टाळलं.

देशाची स्वतःची व्हिडिओ सेवा निघाली आणि तुला तिथे नोकरी लागली, तेव्हा तू किती हरखली होतीस. आमच्याकडे येऊन टीव्हीवर सगळं जोडून दिलंस, वर्षाची वर्गणीही तूच भरलीस. देशाच्या कानाकोपऱ्यातले चित्रपट, जुन्या मालिका, सगळं एका जागी, असं तू हात नाचवत सांगत होतीस आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. पुढे आईच्या वाढदिवसाला, सगळ्या पाहुण्यांसमोर, मी काय म्हणाले ते तुला शब्दन्‌शब्द आठवत असेल. "आमची धाकटी ऑफिसात बसून 'दार वाजतं', 'कुत्रा भुंकतो' असं लिहिते, आणि त्याचा तिला पगार मिळतो!" सगळे खो-खो हसले. तूही हसलीस. मग उठून कप विसळायला गेलीस आणि केक कापायच्या आत घरी निघालीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं खरं, पण मोठी बहीण म्हणून मी मान वळवली. आपला फोन दोन मिनिटांचा झाला तो तेव्हापासून. त्याबद्दल मला माफ कर. हे वाक्य लिहायला मला एक वर्ष आणि तीन कागद लागलेत.

आता गंमत ऐक. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी मटार सोलत तुमच्या सेवेवरची एक मालिका बघत होते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट आहे ती. चष्मा सापडत नव्हता, रिमोटवर भलतंच बटण दाबलं गेलं आणि चित्राखाली अक्षरं यायला लागली. ती घालवायला मी खटपट करत होते, एवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीकडून आवाज आला, "राहू दे." हे चहाचा कप ठेवायला वळले होते आणि तसेच उभे होते. पडद्यावर लिहिलं होतं, 'शेजारच्या खोलीत कुणीतरी शीळ घालतं, मधेच थांबतं.' ह्यांनी मला विचारलं, "कोण शीळ घालतंय?" मी म्हटलं, कसली शीळ? मला शीळ ऐकूच आली नव्हती! कान शाबूत असलेली मी मटार सोलत राहिले आणि ह्यांनी खुर्ची फिरवली.

तीन भागांनंतर कळलं की ती शीळ परागंदा झालेल्या भावाची होती. ह्यांनी ते आधीच ओळखलं होतं. आता तर रोजचंच झालंय. पात्राच्या तोंडून विनोद बाहेर पडायच्या आत हे वाचून हसून मोकळे होतात, आणि मला दोनदा हसावं लागतं, एकदा ह्यांच्या हसण्याला आणि एकदा विनोदाला. किनाऱ्याकडच्या मच्छीमारांचा एक चित्रपट लावला, त्यांची बोली मला ओ की ठो कळेना. तर हे खालचं वाचून मला समजावून सांगत होते! जन्मभर मी ह्यांना चिठ्ठ्या देणार असं वाटत होतं, आणि इथे उलटी गंगा. बाकीच्या सेवांवरही आम्ही बघितलं. तिथे फक्त बोलणं लिहितात, तेही अर्धवट. तुमच्याकडे पाऊस कौलावर पडतोय की पत्र्यावर, हेसुद्धा असतं. कुणीतरी कान देऊन बसल्याशिवाय ते लिहिता येत नाही, हे मला आत्ता कळतंय.

पुढचं ऐकून तू उडशील. एका चित्रपटात बंद दारामागून काम चालल्याचा आवाज होता आणि खाली लिहिलं होतं, 'करवतीचा आवाज.' दार उघडलं तर जमिनीवर लाकडाच्या कुरळ्या ढलप्या. हे ताडकन उठले. "करवतीने भुसा पडतो, ढलप्या नाही! नीट ऐक, आवाज पुढे-मागे दोन्हीकडे जातो की एकाच बाजूने?" मी कान टीव्हीला लावला. एकाच बाजूने, लांबच्या लांब, मग जरा थांबून पुन्हा. "रंधा आहे," हे म्हणाले. "हे आपल्या धाकटीने लिहिलेलं नाही. ती दुकानात ढलप्यांची माळ करून गळ्यात घालायची." चित्रपट संपल्यावर चुका कळवायचा पत्ता येतो ना, त्यावर ह्यांनी स्वतःच्या हाताने दीड पान लिहून पाठवलं. मी म्हटलं, सरकारी काम, कोण वाचतंय. आठव्या दिवशी आम्ही तोच चित्रपट पुन्हा लावला. 'रंधा फिरल्याचा आवाज.' बारके, ह्यांनी रिमोट हातात घेतला. मागे नेऊन तेवढाच तुकडा चार वेळा बघितला. दोन वर्षांत पहिल्यांदाच ह्यांचं म्हणणं कुणीतरी ऐकलं होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुमच्या ऑफिसातून ह्यांना बोलावणं आलंय. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांची एक मंडळी बसवून अक्षरं तपासून घ्यायची आहेत म्हणे, आणि हे सोमवारी अकरा वाजता तिथे येणार आहेत. आपण तुझे भावोजी आहोत, हे ह्यांनी कुठे लिहिलेलं नाही. "मेहुणीच्या ओळखीने आलो असं कुणी म्हणायला नको, तिला कळवू नकोस," असं मला दोनदा बजावलंय. मी सोबत येते म्हटलं, तर तेही नको. अनोळखी माणसांच्या खोलीत हे एकटे जाणार, मी दुकानात बसून घड्याळाकडे बघणार. आज सकाळपासून निळा शर्ट की पांढरा, हे चाललंय, म्हणून मला राहवलं नाही. तू काहीही करू नकोस. जिन्यात भेटलात तर दचकल्यासारखं कर, ते तुला छान जमतं. फक्त ह्यांना खिडकीकडे तोंड करून बसवू नका, उजेड डोळ्यांवर आला की समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. आणि तू बोलताना तोंडावर हात ठेवतेस, तो तेवढा खाली ठेव. काम झाल्यावर ते चहाला थांबतील का, ते मला माहीत नाही. पण थांबले, तर घाई करू नकोस. ह्यांना तुला पुष्कळ काही विचारायचंय.

तुझीच,
ताई