सहाव्या पटावरचे शून्य परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
स्पर्धा व निकाल समिती,
राष्ट्रीय सांघिक बुद्धिबळ लीग

विषय : पाचव्या फेरीतील सहाव्या पटावरचा 'गैरहजर' हा शेरा काढून अर्जदारास त्याचा पराभव परत देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) त्यावर समितीने सहानुभूतीपूर्वक केलेली दुरुस्ती.

महोदय,

अर्जदार व्यवसायाने मुद्रितशोधक असून चालू हंगामात आपल्या संघाच्या यादीत सहावा, म्हणजे शेवटचा, खेळाडू आहे. दुसऱ्यांच्या मजकुरातील चुका काढण्यावर त्याचे पोट चालते. त्यामुळे स्वतःविषयीची चूक दिसूनही गप्प बसणे त्यास जमलेले नाही, याबद्दल सुरुवातीलाच क्षमा मागून ठेवतो.

१. पाचव्या फेरीच्या दिवशी अर्जदाराचे वडील रुग्णालयात होते. अर्जदार खेळायला जाणार नव्हता. वडिलांनीच त्याला पिटाळले. "सहा जणांचा संघ, आणि बसणार पाचच? जा तू. मी काय पळून जातोय?" असे ते म्हणाले. उशाशी धाकटी बहीण होती. तीही म्हणाली, "जा रे दादा, मी आहे ना. काही वाटलंच तर फोन करते." सभागृहाच्या दारात फोन जमा करून घेतात, हे त्या घटकेला कुणाच्याच लक्षात आले नाही.

२. अर्जदार खेळला आणि हरला. हरणे बरेच लांबले. समोर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. घाई हा प्रकार त्यांनी नोकरीतही कधी केलेला नसावा. एक प्यादे कमी असूनही अर्जदार चिवटपणे बसून राहिला, कारण परत गेल्यावर वडील सगळा डाव मांडायला लावतील आणि लवकर का सोडलास म्हणून झाडतील, याची त्याला खात्री होती. डाव सोडून, हात मिळवून तो बाहेर आला आणि फोन ताब्यात घेतला, तेव्हा वडील गेले होते. बहिणीने किती वेळा फोन केला होता हे मोजण्याचे धाडस त्याने अद्याप केलेले नाही.

३. त्याच संध्याकाळी असे उघडकीस आले की, संघाच्या कर्णधारांनी (हे दंतवैद्य आहेत) तिसऱ्या व चौथ्या पटावरचे खेळाडू हंगामापूर्वी कळवलेल्या क्रमाच्या उलट बसवले होते. नियमानुसार तिसऱ्यापासून खालचे सर्व डाव 'न खेळलेले' ठरले व प्रतिस्पर्ध्यांस पुढे चाल मिळाली. अर्जदाराच्या शून्याच्या जागी आडवी रेघ आली. कर्णधार म्हणाले, "अरे, हरलाच होतास ना? मग तुझं गेलं काय?" दाढ उपटल्यावर रुग्णालाही ते हेच विचारत असावेत.

४. गेले ते असे. भाऊ कुठे होता म्हणून नातेवाईक कुजबुजू लागले, तेव्हा त्यांची तोंडे बंद करण्यासाठी बहिणीने लीगचे संकेतस्थळ उघडले. तेथे अर्जदाराच्या नावापुढे आडवी रेघ आणि 'खेळला नाही' असे होते. ती अर्जदारासमोर येऊन उभी राहिली. "खेळला नाहीस, फोन उचलला नाहीस. मग होतास कुठे?" अर्जदाराने नियम समजावून सांगितला. तिसऱ्या पटावर चूक झाली की सहाव्या पटावरचा माणूस नाहीसा होतो, हे सांगता सांगता खुद्द अर्जदारालाच ते खरे वाटेना.

५. म्हणून, डाव खेळला गेला एवढी नोंद व्हावी, असा पहिला अर्ज केला. निकड कळावी या हेतूने त्यासोबत वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडला. समितीने कधी नव्हे ती तत्परता दाखवून निकालात दुरुस्ती केली : "वडिलांच्या अंतसमयी त्यांच्याजवळ असल्याने गैरहजर. दंड माफ." खाली दोन ओळींत शोकही व्यक्त केला. कर्णधारांनी फोन करून अभिनंदन केले.

बहिणीने ते वाचले. ती ओरडली नाही. "वा, दादा. आता छापूनही आलं. बाबांचा हात तूच धरला होतास म्हणे," एवढेच म्हणाली. त्यानंतर ती अर्जदाराशी बोललेली नाही. वडील शेवटी काय म्हणाले, असे आई सारखे विचारते. बहीण तिला सांगते, "दादाला विचार. तो होता ना तिथे." आणि आई खरोखरच अर्जदाराकडे वळून बघते.

६. अर्जदारास गुण नकोत. प्रतिस्पर्ध्यांची पुढे चाल कायम राहावी, संघ तळाला आहे तो तळालाच राहावा. पोस्टमास्तरांनी आपणहून पत्र दिले आहे : "डाव झाला. गृहस्थ उगाच फार वेळ लढले." याहून भक्कम पुरावा अर्जदाराजवळ नाही.

त्या वेळी त्या खोलीत वडिलांपाशी एकटी बहीण होती. तिची जागा समितीने अर्जदाराला देऊन टाकली आहे. ती तिची तिला परत मिळावी. अर्जदार तेव्हा सभागृहात बसून हरत होता, अशी नोंद व्हावी.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, पट क्रमांक सहा
दिनांक : १७ नोव्हेंबर

सोबत : दोन्ही खेळाडूंच्या सह्या असलेली डावाची नोंद, पोस्टमास्तरांचे पत्र.