शैलाताई, उद्याचा वर्ग मी घेतेय

प्रिय शैलाताई,

उद्या सकाळी तुमचा वर्ग मला घ्यायचाय. तुम्ही गेल्यापासून वस्तीच्या केंद्रातली ती खोली मंगळवारी बंदच असते. उद्या मी ती उघडणार, आणि त्याआधी तुमच्याशी बोलल्याशिवाय मला धीर व्हायचा नाही. तुमच्या धाकट्या भावाची बायको, दिवसभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी मी! हसू नका हं.

खरं तर रागच आलाय तुमचा. आजारपणात मी रोज तुमच्या खाटेशेजारी बसायचे. या इंगोलश्टाट शहरातल्या सगळ्या गप्पा झाल्या, पण 'माझ्यामागे वर्गाचं असं कर' म्हणून एक शब्द बोलला नाहीत. का हो? मी आपणहून विचारीन, अशी वाट बघत होतात का?

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, नणंदबाईंना वेळ घालवायला काहीतरी हवं, म्हणून केंद्रात जातात. मग निखिलने आपल्या ताईची गोष्ट सांगितली. सोलापुरात तुम्ही नव्यानेच शिक्षिका झाला होतात. दोन गल्ल्यांमध्ये दगडफेक झाली, आणि तुम्ही दोन्हीकडच्या बायकांना एकाच सतरंजीवर बसवून लिहायला-वाचायला शिकवलंत. मग तुमचे यजमान विलासराव इथे जर्मनीत गाड्यांच्या कारखान्यात रुजू झाले, तर तुम्ही चाळिशीत जर्मन शिकलात, मध्यस्थीचं प्रशिक्षण घेतलंत आणि वस्तीच्या केंद्रात नोकरीला लागलात. जिन्यातली भांडणं, शाळेतल्या आयांचे वाद, सगळं तुमच्याकडे यायचं.

आणि मग २०१५चा तो शरद ऋतू! आपल्या भागातल्या खेळाच्या हॉलमध्ये निर्वासित कुटुंबांची सोय झाली. तिथेच फ्राऊ हूबर म्हाताऱ्या बायकांचा व्यायामवर्ग घ्यायच्या. तो एका दिवसात बंद! हॉलच्या दारात उभ्या राहून त्या अशा काही ओरडल्या, की आतली लेकरं रडायला लागली.

निखिल तुम्हाला म्हणाला, "ताई, यात पडू नकोस. दोन्हीकडून बोलणी खाशील."

"मग मी बरोबर मधे बसलेय म्हणायचं!" तुम्ही म्हणालात, आणि मला बरोबर घेऊन थेट फ्राऊ हूबरांच्या घरी गेलात.

मला वाटलं, आता तुम्ही त्यांना माणुसकी शिकवणार. तुम्ही म्हणालात, "तुमचा वर्ग न विचारता बंद केला, हे चुकलं."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं."

"केंद्रात खोली देते. वर्ग पुन्हा सुरू करा. पण हॉलमधल्या बायकाही येतील. हात वर, हात खाली, डावीकडे, उजवीकडे. तुमचा व्यायाम होईल, त्यांची भाषा होईल."

किती साधं सुचलं होतं तुम्हाला! पण सिरियाहून आलेली रीमा अडून बसली. त्या बाईसमोर मी हात वर करणार नाही, म्हणाली. तेव्हा तुम्ही दोघींना समोरासमोर बसवलंत. भाषांतराला एक मुलगी होती, आणि चहाला मी.

रीमा म्हणाली, "तुम्ही ओरडलात तेव्हा माझी मुलगी माझ्यामागे लपली. विमानांच्या आवाजाला लपायची, तशी."

फ्राऊ हूबर टेबलाकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं, माझं सगळं काढून घेतायत."

"माझं तर घेतलंच आहे," रीमा म्हणाली.

खोलीत कोणी बोलेना. मला ती शांतता सहन होईना. चहा ओतायला मी उठले, तर तुम्ही माझा हात धरून खाली बसवलंत. मला तेव्हा तुम्ही निष्ठुर वाटलात, ताई! पण त्या शांततेतूनच फ्राऊ हूबर बोलल्या. "तुमच्या मुलीची मला माफी मागायची आहे. चालेल?"

पुढच्या मंगळवारी रीमा आली आणि सगळ्यात मागे उभी राहिली. पुढे सरकायला तिला अख्खा हिवाळा लागला. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. तुमच्या अंत्यविधीला दोघी एकाच गाडीतून आल्या. गाडी रीमा चालवत होती, आणि शेजारी बसून फ्राऊ हूबर तिला पार्किंगच्या सूचना देत होत्या. बघायला तुम्ही हव्या होतात!

सगळं असं गोड नाही. तुम्ही आजारी असतानाच वर्गातल्या सिरियाच्या आणि अफगाणिस्तानच्या बायकांमध्ये मुलांवरून वाजलं. मुलं दुसऱ्या दिवशी एकत्र खेळायला लागली, आया अजून बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात केंद्रप्रमुखांनी मला बोलावलं. म्हणाले, "दोन वेगळे वर्ग करू. शांतता राहील."

"मग त्या एकमेकींशी बोलणार कधी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग तुम्ही घेता का वर्ग?"

मी हो म्हणाले! बाहेर आल्यावर सायकलच्या कुलुपाला घराचीच किल्ली लावत बसले. पण परत जाऊन नाही म्हणावंसं वाटलं नाही, ताई. मंगळवार सकाळपुरती ऑफिसातून सुट्टीही मागून घेतलीय. फ्राऊ हूबर नेहमीसारखा व्यायाम घेतील, आणि त्यानंतर सगळ्यांशी बोलायला तुमच्या जागी मी बसेन.

तुमच्यासारखं मला जमणार नाही. माझं जर्मन अडखळेल, कोणीतरी चिडेल, मलाही रडू फुटेल कदाचित. तरी हे वचन देते. उद्या दोघीच आल्या, तर दोघींचा वर्ग घेईन. कोणी रागाने उठून गेली, तर तिची खुर्ची उचलणार नाही. आणि काही झालं तरी, ताई, वर्ग एकच राहील.

तुमची,
मंजिरी