सांबरशिंगाच्या मुठीची सुरी

बाबा, मागच्या आठवड्यात नागपूरहून एक गृहस्थ आले होते. जुन्या सुऱ्या जमवतात. विचारत विचारत पांढरकवड्यात माझ्या दारी पोचले आणि पिशवीतून तुम्ही घडवलेली शिकारी सुरी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. सांबरशिंगाची मूठ, पात्यावर तुमचा कडुलिंबाच्या पानाचा ठसा. शिकारबंदीच्या आधीची, तरी धार शाबूत. "एवढा मोठा कारागीर, मग सुऱ्या करणं एकदम का सोडलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "डोळे अधू झाले होते." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तुम्हीही सगळ्यांना हेच सांगायचे. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून तुम्ही पातं घडवायचे, लाल करून त्याला पाणी द्यायचे, आणि मग मंद आचेवर, रंग बघत ते पुन्हा तापवायचं काम माझं. तसं तापवलं नाही तर पातं काचेसारखं मोडतं, हे तुम्हीच शिकवलं. लग्नाची पोर भट्टीवर बसते म्हणून लोक हसत. तुम्ही म्हणायचे, "तिले रंग समजते. तुमाले समजते का?"

मग तो शिकारी आला, उजवा हात गळ्यात बांधलेला. सुरीचे दोन तुकडे त्यानं ऐरणीवर ठेवले. "डुक्कर अंगावर आलं अन् हे मोडलं, मिस्त्री." त्याची तीन बोटं गेली होती. तुम्ही तुकडा उन्हात धरून पाहताय. मी भात्याजवळ उभी आहे. "माहीच चूक हाय भाऊ," तुम्ही म्हणता, "पातं जास्त लाल झालं असन. मले आता रंग दिसत नाई."

त्यानंतर तुम्ही फक्त विळे आणि कुऱ्हाडी केल्या. पुढे पुढे तर जेवतानाही ताट माझ्याकडे सरकवायचे, "भातात खडा तं नाई न? पाय बरं."

ते मोडलेलं पातं घडवलं त्या दिवशी, त्याला पाणी देऊन तुम्ही बाजारात गेले होते. मला बघायला पाहुणे यायचे होते, आई घरातून हाका मारत होती. परत आल्यावर तुम्ही विचारलं, "तापवलं का पोरी?" मी हो म्हणाले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं असतं असं वाटत नाही. तुम्ही होता तेव्हा रोज समोर बसत होता, तेव्हाही बोलले नाही. बाबा, मी ते पातं तापवलं नव्हतं.