एकाच बेटाचे बोरू

घरच्या सरकारांस दूरच्या मुकादमाचा सप्रेम दंडवत.

मी ठणठणीत आहे. खोकला थोडासाच.

पाणथळीच्या काठावर बोरू लावतोय, असं लिहिलं होतं ना? बोरूचं सगळ्यांत उंच बेट निवडलं आणि त्याचेच कोंब लावत सुटलो. खारं पाणी शिरलं, सगळा काठ एका दमात सुकला. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "मुकादम, हजार बोरू कुठले? एकाच बेटाचे कोंब, म्हणजे एकच झाड लावलंत तुम्ही!"

तुझा बियांचा डबा आठवला. बऱ्यावाईट साऱ्या वेलींचं बी एकत्र ठेवतेस म्हणून मी हसायचो.

आता दहा ठिकाणचे कोंब आणलेत, खुरटेसुद्धा. खारं सोसणारा एखादा तरी निघेल. नाही निघाला, तर मुकादमकी गेलीच समज.

डब्याचं झाकण घट्ट बसतं ना?

तुझाच,
ते हसू मागे घेणारा